मशीन गप्प बसलं तर काय समजायचं?

पहिल्या नोकरीत माझ्याकडे चाळीसेक लिनक्स मशीनं होती. कोणतं चालू आहे, कुणाची डिस्क भरत आलीय, हे रोज सकाळी साहेबांना सांगायचं काम माझं. मी एक शेल स्क्रिप्ट लिहिली. एसएसएचने (दूरच्या मशीनवर लॉगिन करायची सोय) एकेका मशीनवर जायचं, डिस्क किती भरलीय ते सांगणारं 'डीएफ' चालवायचं, उत्तर फाइलमध्ये टाकायचं. दोन महिने छान चाललं. मग एका सकाळी फाइल अर्धीच! रात्री एनएफएस सर्व्हर, म्हणजे आपली डिस्क नेटवर्कवरून इतर मशीनांना देणारा सर्व्हर, बंद पडला होता. त्याची डिस्क जोडलेल्या (माउंट केलेल्या) पहिल्याच मशीनवर 'डीएफ' अडकून बसला आणि मागची सगळी मशीनं खोळंबली. कनेक्ट टाइमआउट, म्हणजे जोडणीसाठी थांबायची मुदत, मी दिला होता, पण तो जोडणी होईपर्यंतच कामाचा, आणि जोडणी तर झाली होती. मुदत प्रत्येक कमांडला घालायला हवी होती.

मग एसएनएमपीकडे वळलो. नेटवर्कवरच्या उपकरणांना त्यांची स्थिती विचारायचा हा प्रोटोकॉल; उपकरणावरचा 'एजंट' नावाचा प्रोग्राम उत्तर देतो. स्विच, प्रिंटर, यूपीएस यांच्यावर आपली स्क्रिप्ट चालत नाही, तिथे आजही मी हाच वापरतो. पण तो यूडीपीच्या १६१ पोर्टवर बोलतो (यूडीपीत आधी जोडणी होत नाही, पोचही मिळत नाही), आणि व्हर्जन २सीमध्ये कम्युनिटी स्ट्रिंग (पासवर्डसारखा शब्द) चुकली तर 'चुकली' असंही कुणी सांगत नाही. फायरवॉलने अडवलं तरी टाइमआउट, मशीन मेलं तरी टाइमआउट. शिवाय 'सिसअपटाइम' हा एसएनएमपीतला आकडा शून्यावर आलेला पाहून मशीन रीबूट झालं असं समजून मी अर्धा दिवस लॉग उपसले. तो आकडा एजंट कधी सुरू झाला ते सांगतो, आणि एजंट मीच रिस्टार्ट केला होता. मशीनचा वेळ 'एचआरसिस्टिमअपटाइम'मध्ये असतो. हे दोन्ही आकडे ३२ बिटांचे, सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजलेले, म्हणून ४९७ दिवसांनी आपोआप शून्यावर येतात. हे आधीच वहीत लिहून ठेवा.

स्वतःच्या सर्व्हरांसाठी आता मी प्रोमिथियस या मॉनिटरिंग प्रणालीचा नोड एक्सपोर्टर, म्हणजे मशीनचे आकडे देणारा छोटा प्रोग्राम, निवडतो. ९१०० पोर्टवर साधा मजकूर मिळतो, ब्राउझरमध्येही वाचता येतो. मला त्यातलं सर्वांत आवडतं ते हे, की एक्सपोर्टर बंद असला तरी मशीन जिवंत असेल आणि वाटेत फायरवॉल नसेल, तर लगेच 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येतं. म्हणजे निदान मशीन आहे, एवढं तरी कळतं.

"नुसती माहितीच तर देतोय" म्हणून तो पोर्ट सगळ्यांना उघडा मात्र ठेवू नका. पूर्वी 'फिंगर' सेवाही कोण लॉगिन आहे एवढंच सांगायची, पण नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म हा आपोआप पसरणारा प्रोग्राम तिच्या प्रोग्राममधल्या चुकीतूनही मशीनांत शिरला. मी ९१०० फक्त मॉनिटरिंग सर्व्हरच्या पत्त्याला उघडतो. एसएसएचच वापरायचं असेल तर 'ऑथोराइज्ड कीज' फाइलमध्ये (कोणत्या कीने लॉगिन चालेल ते तिथे लिहिलेलं असतं) स्क्रिप्टच्या कीला एकच कमांड बांधून द्या.

निवड करण्याआधी घरी दोन व्हर्च्युअल मशीनं उभी करा. एकावरचा एजंट बंद करा, मग फायरवॉलने पोर्ट अडवा, मग नेटवर्कच काढा. तिन्ही वेळा दुसऱ्या मशीनवर काय दिसतं आणि किती सेकंदांनी, ते तिन्ही पद्धतींसाठी (एसएसएच, एसएनएमपी, नोड एक्सपोर्टर) लिहून काढा. माझ्या टीममध्ये नवीन येणाऱ्याला पहिल्या आठवड्यात मी हेच काम देतो.