मिशन स्टेटमेंट लिहायचंय? मग काय सोडणार ते आधी लिहा

येल विद्यापीठाच्या १९५३ च्या ‘त्या’ अभ्यासाचा निकाल आधी लावू. ध्येय कागदावर लिहून ठेवणारे तीन टक्के पदवीधर वीस वर्षांनी उरलेल्या सगळ्यांच्या एकत्रित संपत्तीपेक्षा श्रीमंत निघाले, असं व्याख्यानांतून छातीठोकपणे सांगतात. असा अभ्यास झालाच नव्हता. शोधणाऱ्यांना त्याचा मागमूस लागला नाही. तेव्हा चार ओळी लिहून नशीब उघडेल या आशेने बसला असाल, तर वही मिटलेली बरी. मिशन स्टेटमेंट म्हणजे आपण कसं जगायचं हे सांगणारी, स्वतःपुरती लिहिलेली मोजकी वाक्यं. त्यांचा उपयोग याहून साधा आहे. दोन चांगल्या गोष्टी एकाच वेळी दारात येतात आणि दोन्ही हव्याशा वाटतात. त्यातली कोणती सोडायची, हे डोकं शांत असताना ठरवून ठेवलेलं असलं की ऐन वेळी घोळ होत नाही.

कागद, पेन आणि कोणी हाक मारणार नाही असा तास-दीड तास काढा.

कच्चा माल

‘खालीलपैकी पाच मूल्यं निवडा’ छापाच्या याद्या उघडू नका. यादी समोर आली की माणूस स्वतःला शोभतील असे शब्द उचलतो. आपल्या श्रद्धांजली सभेत लोक काय बोलतील याची कल्पना करा, हा सल्लाही बाजूला ठेवा. त्यातून एक संत तयार होतो आणि सोमवारी सकाळी कामावर मात्र तुम्हालाच जायचं असतं. त्यापेक्षा गेल्या तीन महिन्यांचं कॅलेंडर आणि बँकेचं स्टेटमेंट काढा. वेळ आणि पैसा कुठे गेला ते बघा आणि दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. कोणत्या कामानंतर दमूनही बरं वाटलं? कशामुळे स्वतःचीच चीड आली? दुसऱ्या उत्तरातून जास्त हाती लागतं.

कच्चा मसुदा

सुचेल ते, सुचेल तसं, पानभर लिहा. भाषा सुधारत बसू नका.

चाळणी

गाडी अडते ती इथे. माझीही बराच काळ इथेच अडत असे. पानभर मजकुरातून शेवटी उरतं ते असं काहीतरी: ‘मी प्रामाणिकपणे आणि सकारात्मकतेने जगेन, कुटुंबाला प्राधान्य देईन, समाजाचं ऋण फेडेन.’ ऐकायला छान आहे, पण खाली कोणाचीही सही चालेल. असं वाक्य मोडता येत नाही, म्हणून ते पाळलं की नाही हेही कधी कळत नाही.

अमेरिकन मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिनने ऐन तारुण्यात सद्गुणांची यादी केली, ती याच कारणासाठी बघण्यासारखी आहे. त्याने नुसते शब्द लिहिले नाहीत, प्रत्येकापुढे एक छोटा नियम जोडला. ‘मौन’ या शब्दापुढे, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हिताचं असेल तेवढंच बोलायचं, असा. वहीत रकाने आखले आणि चुकलं की त्या दिवसाच्या घरात ठिपका दिला. यादी आधी बाराचीच होती. लोक तुला गर्विष्ठ समजतात, असं एका मित्राने सुनावलं, तेव्हा तेरावी नम्रता आली. ती आणायची कशी? बोलताना ‘निश्चितच’, ‘निःसंशय’ असे शब्द वापरायचे नाहीत, ‘मला असं वाटतं’ म्हणायचं. कोणता शब्द तोंडातून जाऊ द्यायचा नाही, इथपर्यंत त्याने नम्रता खाली आणली. तेरा गुण मात्र फार झाले. त्यातल्या ‘सुव्यवस्था’ या गुणाने त्यालाही शेवटपर्यंत दमवलं, हे त्यानेच लिहून ठेवलंय. तुम्ही तीन-चार वाक्यांवर थांबा.

आता ‘कुटुंबाला प्राधान्य देईन’ हेच वाक्य घेऊ. त्याला विचारा: गेल्या महिन्यात तू खिशात असतंस तर माझा कोणता निर्णय बदलला असता? उत्तर ‘कोणताच नाही’ असेल, तर वाक्य निकामी आहे. मग आपण लिहितो, ‘कुटुंबाला रोज वेळ देईन.’ हेही निसटतं, कारण सोफ्यावर फोन बघत बसणं हाही वेळच. पुढची पायरी, ‘रात्रीचं जेवण सगळ्यांबरोबर, फोन बाजूला ठेवून.’ हे मोडता येतं, पण हे वेळापत्रक झालं. कामाची पाळी बदलली की संपलं. इथे बरेच जण समाधानाने थांबतात. थांबू नका. अजून एकदा लिहा: ‘मुलं लहान आहेत तोवर संध्याकाळ खाणारी जबाबदारी घेणार नाही, बढती असली तरी.’

सगळा जीव त्या शेवटच्या तीन शब्दांत आहे. तिथे किंमत लिहिली गेली. प्रत्येक वाक्यात अशी किंमत आलीच पाहिजे, याबाबत मी अजिबात तडजोड करत नाही. किंमत लिहिताना हात अडखळला तर वाक्य खोडा. ती गोष्ट तूर्त तुमच्या प्राधान्याची नाही, एवढाच त्याचा अर्थ, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. न पेलणारं वाक्य शोभेसाठी ठेवलं की उरलेल्यांवरचाही विश्वास उडतो.

दुसरी कसोटी म्हणजे वाक्य उलटं करून पाहणं. ‘मी अप्रामाणिकपणे जगेन’ असं कोणी लिहिणार नाही, म्हणून ‘प्रामाणिकपणे जगेन’ यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. पण ‘कमी कामं घेईन, हातात घेतलेलं नीट करेन, कमाई कमी झाली तरी’ हे उलटवा. ‘भरपूर कामं घेईन, वेगाने उरकेन, त्यातूनच शिकेन.’ शहाणीसुरती माणसं असंही जगतात. म्हणजे तुम्ही खरोखर काहीतरी निवडलंय.

दोन वाक्यं एकमेकांच्या आड येणारच. वरचं वाक्य जिंकेल असं ठरवून त्यांना क्रम द्या.

लिहून झाल्यावर

पाठ करा. भिंतीवर लावू नका, आठवड्याभरात नजर त्यावरून घसरायला लागते.

आणि चारचौघांत जाहीर करू नका. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की ‘मला अमुक बनायचंय’ हा इरादा दुसऱ्याच्या नजरेत नोंदला गेला की त्या दिशेची मेहनत कमी होते. शाबासकी आधीच मिळाल्यासारखं वाटतं. अपवाद एकच. तुम्ही लिहिलेल्या किमतीचा वाटा ज्याला उचलावा लागणार, त्याला वाक्यं वाचून दाखवा. बढती नाकारण्याची ओळ जोडीदाराला नंतर कळणं बरं नव्हे.

नवं काम, नवं पद, नवं कर्ज समोर आलं की ‘हो’ म्हणण्याआधी एक रात्र जाऊ द्या आणि वाक्यं मनात म्हणा. वर्षातून एकदा, किंवा नोकरी, घर, तब्येत यांत मोठा बदल झाला की ती नव्याने तपासा. मात्र भांडणाच्या किंवा अपयशाच्या आठवड्यात हात लावू नका, तेव्हा सगळीच वाक्यं खोटी वाटतात. बदलायचं ठरलं तर जुन्या वाक्यावर एकच आडवी रेघ मारा, शेजारी तारीख घाला आणि ते वाचता येईल असं राहू द्या. एकाच वाक्यावर दरवर्षी रेघ पडून ते थोड्या वेगळ्या शब्दांत पुन्हा येत असेल, तर शब्दांशी झटापट थांबवा आणि त्याची किंमत पुन्हा मोजा.