अवयव पाडताना आधी शेवटचं चिन्ह बघा

डिचोलीत माझ्याकडे संध्याकाळी दहावीची मुलं गणिताला बसतात. क्ष² − ५क्ष − २४ दिसलं की बहुतेक जण लगेच २४ च्या जोड्या, म्हणजे गुणाकार २४ येणाऱ्या दोन संख्या, शोधायला धावतात आणि चिन्हांत अडकतात. आधी शेवटच्या पदाचं चिन्ह बघा. ते अधिक असेल तर दोन्ही संख्यांची चिन्हं सारखी, मधल्या पदाचीच. जोडीची बेरीज जुळवायची. उणे असेल तर चिन्हं विरुद्ध, म्हणून फरक जुळवायचा आणि मोठ्या संख्येला मधल्या पदाचं चिन्ह द्यायचं.

इथे फरक ५ हवा. १ व २४, २ व १२, ३ व ८... मिळाली! उत्तर (क्ष − ८)(क्ष + ३). जोड्या १ पासून क्रमाने लिहा, म्हणजे एकही सुटत नाही.

६क्ष² + ७क्ष − ३ असेल तर पहिल्या पदातले ६ गुणिले शेवटचे ३, म्हणजे १८ च्या जोड्या. फरक ७ देणारे ९ व २. मग ६क्ष² + ९क्ष − २क्ष − ३, त्यातून (३क्ष − १)(२क्ष + ३).

कंस परत गुणून बघायला अर्धं मिनिटही लागत नाही. पेपरात ते टाळू नका, माझं कळकळीचं सांगणं आहे.