महिंद्राच्या जुन्या पेट्रोल पिकअपचे इग्निशन टायमिंग कसे लावावे

महिंद्राच्या एफ.सी.-150 पिकअपला आणि त्या काळातील पेट्रोल जीपना विलीजच्या बनावटीचे ‘हरिकेन’ इंजिन असे. हे इंजिन चार सिलिंडरचे आणि 2199 सी.सी.चे असून त्याचे इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. यातील पुष्कळ गाड्यांत मालकांनी पुढे डिझेल इंजिने बसवून घेतली. त्यांत ठिणगीचाच प्रश्न नसल्याने पुढील माहिती त्यांना लागू नाही. मूळ पेट्रोल इंजिन ज्यांनी जपले आहे, त्यांच्यासाठी आकडे असे आहेत: फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम, 1-3-4-2, पॉइंटमधील (डिस्ट्रिब्युटरमध्ये उघडझाप करणाऱ्या संपर्कांमधील) गॅप 0.020 इंच म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर, प्लगचा गॅप 0.030 इंच आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या 5 अंश आधी.

गाडी चालू ठेवायची, डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी पोहोचवणारा भाग) हाताने फिरवत राहायचे आणि आवाज सर्वांत गोड लागला की तिथेच आवळून टाकायचे, ही पद्धत अनेक गॅरेजांत आजही चालते. तिच्यात एक खोट आहे. आयडलला, म्हणजे इंजिनावर भार नसताना, त्याला गरजेपेक्षा जास्त आगाऊ ठिणगीही मानवते आणि ते उलट अधिक मऊ चालते; मात्र तीच गाडी माल भरून चढाला लागली की ठोका (इंजिनातून येणारी टिकटिक) येऊ लागतो आणि गरम इंजिन सुरू करताना स्टार्टर उलटा झटका खातो. म्हणून कानाचा उपयोग शेवटच्या तपासणीपुरताच करावा आणि टायमिंग खुणेवर लावावे.

टायमिंगला हात घालण्यापूर्वी पॉइंट पाहावेत, कारण गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे सरकते. डिस्ट्रिब्युटरची टोपी आणि तिच्याखाली फिरणारा रोटर काढून पॉइंटची दोन्ही तोंडे उजेडात नीट पाहिली, तर जुन्या पॉइंटमध्ये एका बाजूला बारीक खड्डा आणि समोरच्या बाजूला तेवढाच उंचवटा दिसतो. अशा पॉइंटमध्ये फिलर गेजची (फट मोजायच्या पातळ पात्यांची) पट्टी उंचवट्यावर टेकते, त्यामुळे पट्टी अर्धा मिलिमीटर सांगत असली तरी खरा गॅप त्याहून जास्त असतो. घासून वेळ मारून नेण्यापेक्षा नवे पॉइंट आणि सोबत नवा कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारा भाग) टाकणे केव्हाही बरे. गॅप मोजताना पॉइंटची टाच कॅमच्या उंच टोकावर असली पाहिजे आणि पट्टी किंचित घासून सरकली पाहिजे. त्याच वेळी शाफ्ट बोटांत धरून आडवा हलवून पाहावा. तो ठळकपणे डुगडुगत असेल तर बुश झिजलेले आहेत, आणि ते बदलेपर्यंत टायमिंग एका जागी राहणार नाही.

आता पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणायचा. एफ.सी.चे इंजिन केबिनमध्येच आवरणाखाली असल्याने वरचे काम आवरण उचलून होते. पुलीची खूण मात्र समोरून पाहावी लागते, म्हणून सोबत एक माणूस असावा. गिअर न्यूट्रलला ठेवून हँडब्रेक ओढावा आणि चारही प्लग काढावेत. रेडिएटरकडील, म्हणजे पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर सोबत्याने अंगठा ठेवावा आणि आपण क्रँक पुलीचा नट पान्याने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सावकाश फिरवावा. हवा अंगठ्याला बाहेर ढकलू लागली की कॉम्प्रेशनचा फेरा सुरू झाला. पुलीवरील खाच टायमिंग कव्हरवरच्या 5 अंशांच्या खुणेसमोर येताच थांबावे. काही जुन्या इंजिनांत ही खूण फ्लायव्हीलवर असते आणि ती बेल हाउसिंगच्या झरोक्यातून पाहावी लागते. खूण ओलांडली गेल्यास तेवढेच मागे आणू नये. बरेच मागे जाऊन पुन्हा पुढे यावे, म्हणजे गिअरमधील सैलपणा एकाच बाजूला राहतो.

पुली बदललेली असल्याने खुणांवर भरवसा नसेल, तर पहिल्या पिस्टनचे वरचे टोक नक्की करून पुलीवर तशी खूण करावी. मग पुलीचा घेर कागदी पट्टीने मोजून त्याला 72 ने भागावे. येईल ते अंतर 5 अंशांचे. घेर 450 मिलिमीटर भरला तर ते सव्वासहा मिलिमीटर होते, आणि नवी खूण टोकाच्या खुणेपासून तेवढी पुढे, पुली फिरते त्या दिशेला करायची.

रोटर बसवल्यावर त्याचे तोंड पहिल्या सिलिंडरच्या वायरीकडे असले पाहिजे. ते उलट्या बाजूला दिसले तर इंजिनाचा एक पूर्ण फेरा चुकला आहे असे समजावे. त्यानंतर 12 व्होल्टचा लहान टेस्ट लॅम्प घेऊन त्याचे एक टोक कॉइलवर (प्लगसाठी जास्त व्होल्टेज तयार करणाऱ्या भागावर) डिस्ट्रिब्युटरची बारीक वायर लागते त्या टर्मिनलला आणि दुसरे बॉडीला लावावे व स्विच चालू करावा. पॉइंट मिटलेले असताना दिवा विझलेला राहतो आणि उघडताक्षणी पेटतो. डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प ढिला करावा. वरून पाहता या इंजिनाचा रोटर काट्यांच्या उलट दिशेने फिरतो, म्हणून बॉडी आधी त्याच दिशेने, दिवा विझेपर्यंत फिरवावी, रोटर बोटाने काट्यांच्या दिशेने हलका दाबून धरावा आणि मग बॉडी काट्यांच्या दिशेने अगदी सावकाश आणावी. दिवा पेटेल तिथे क्लॅम्प आवळावा. स्विच मात्र तसाच चालू सोडू नये. पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापून जळण्याची भीती असते.

टायमिंग लाइट मिळाली तर तिने खात्री करून घ्यावी. इंजिन गरम करून आयडल 600 फेऱ्यांच्या आसपास ठेवावे, लाइटची क्लिप पहिल्या प्लगच्या वायरीवर लावावी आणि डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूमची नळी असल्यास ती काढून तिचे तोंड बंद करावे. या उजेडात फिरता पंखा थांबल्यासारखा दिसू शकतो, हे कायम ध्यानात ठेवावे. 600 फेऱ्यांना क्रँक एका मिलिसेकंदात 3.6 अंश फिरतो, तर 3000 फेऱ्यांना 18 अंश. मिश्रण जळायला लागणारा वेळ त्या प्रमाणात कमी होत नाही, म्हणून वेगाबरोबर ठिणगी आधी पडावी यासाठी डिस्ट्रिब्युटरमध्ये वजने आणि स्प्रिंगा असतात. रेस वाढवताना खूण सलग सरकली आणि रेस सोडताच जागेवर परतली, तर वजने मोकळी आहेत. ती अडकत असतील तर टायमिंग कितीही अचूक लावले तरी गाडी एकतर दबलेली चालेल, नाहीतर ठोकेल.

शेवटची परीक्षा रस्त्यावर घ्यावी. थोडा माल भरून, टॉप गिअरमध्ये, हलक्या चढावर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा. क्षणभर बारीक टिकटिक होऊन ती थांबली तर ठीक. चालूच राहिली तर बॉडी रोटरच्या दिशेने केसभर फिरवावी. डिस्ट्रिब्युटरचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन अंश, तेव्हा हात आखडताच ठेवावा. याउलट गाडी ओढत नसेल, लवकर तापत असेल आणि सायलेन्सरमधून फटाके येत असतील, तर ठिणगी उशिरा पडते आहे का, हे आधी पाहावे. हे इंजिन कमी कॉम्प्रेशनचे असल्याने आजच्या पेट्रोलवर ते सहसा ठोकत नाही, पण तेवढ्यासाठी टायमिंग मनमानी पुढे नेण्यात काही मिळवण्यासारखे नाही. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे आयडल अडखळत असेल, तर ते कार्ब्युरेटरच्या मिश्रणाच्या स्क्रूने सुधारावे आणि डिस्ट्रिब्युटर जिथे आवळला आहे तिथेच राहू द्यावा.