बार्शी–लातूर नॅरोगेजचा जुना नकाशा कसा वाचावा

बालाघाटाच्या कोरड्या कडेवर चढून लातूरला जाणाऱ्या नॅरोगेजची जुनी वाट शोधायची असेल, तर भारतीय सर्वेक्षण विभागाची एक इंचास एक मैल (१:६३,३६०) प्रमाणाची जुनी टोपोशीट, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणारा नकाशा, मिळवावी. हा मार्ग एका शीटमध्ये मावत नाही. ७६ अंश पूर्व रेखांशाच्या अलीकडची बार्शी ४७ एन या क्रमांकाच्या शीटगटात, तर पलीकडचे लातूर ५६ बी गटात येते.

शीट हाती येताच लोहमार्गाच्या काळ्या रेषेमागे धावू नये. आधी तपकिरी समोच्च रेषा पाहाव्यात, कारण चढ कमी ठेवण्यासाठी लाइन त्यांच्याच कलाने वळणे घेत गेलेली असते. समोच्च रेषांमधील अंतर ५० फूट असेल, तर लागोपाठच्या दोन रेषांना लाइन जिथे छेदते त्या दोन बिंदूंमध्ये ओला दोरा वळणावळणाने बसवून मोजावा. तो एक इंच भरला, तर ५,२८० फुटांत ५० फूट, म्हणजे सुमारे १०६ फुटांत एक फूट असा चढ निघतो. माझ्या पहिल्या हिशेबात मात्र गाडीला झेपणारच नाही असा उभा चढ निघाला होता. छायाप्रत काढताना शीट लहान झाली होती आणि मी फुटपट्टीचेच इंच धरून बसलो होतो. तेव्हापासून दोरा मी तळाशी छापलेल्या मैलांच्या पट्टीवरच लावतो, कारण प्रत आक्रसली की तीही तेवढीच आक्रसते.

या भागात बहुतेक ओढे काळ्या रेषेने दाखवलेले दिसतील. काळा म्हणजे कोरडा, निळा म्हणजे पाण्याचा. लाइन ओढा ओलांडते तिथे मोरी किंवा पूल असणारच, आणि रूळ उखडल्यावरही त्यांचे दगडी बांधकाम टिकून राहू शकते, म्हणून शोध तिथूनच सुरू करावा. लाइनीलगतच्या बारीक दातेरी रेघा भराव किंवा खोदाई दाखवतात. आकड्यापुढे रोमन लिपीतला ‘आर’ असेल, तर ती आसपासच्या जमिनीपासूनची उंची किंवा खोली समजावी, समुद्रसपाटीपासूनची नव्हे.

जुन्या शीटचे अक्षांश-रेखांश मोबाइलमध्ये जसेच्या तसे टाकू नयेत. पृथ्वीच्या आकाराचे जे गणिती मान धरून ते काढतात, ते जुन्या शीटचे एव्हरेस्ट, तर मोबाइलचे डब्ल्यूजीएस ८४, त्यामुळे खूण सरकते. त्याऐवजी देऊळ, विहीर किंवा पूल जुळवून पाहावा.

शेवटी समासातले सर्वेक्षणाचे वर्ष पाहावे. लाइन लातूरला १९११ मध्ये पोहोचली, म्हणून त्याआधीच्या सर्वेक्षणात ती लातूरपर्यंत नसणे ही चूक नव्हे. आणि शीटवर ती धाराशिव शहराजवळून जात असेल, तर तो आजचा ब्रॉडगेज मार्ग आहे.