सुधारित चुलींचा कार्बन क्रेडिट प्रकल्प: त्रयस्थ तपासणीची तयारी

कमी लाकूड जाळणाऱ्या सुधारित चुली कुटुंबांना वाटल्या की टळलेल्या उत्सर्जनावर कार्बन क्रेडिट मिळवता येतात. एक कार्बन क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइडइतके टळलेले उत्सर्जन, आणि ते खरोखर टळले याची ग्वाही प्रकल्पचालकाने नव्हे, तर मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्थेने द्यावी लागते. संस्था निवडताना तिची आयएसओ १४०६५ (अशा तपासणी संस्थांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक) नुसारची मान्यता पाहावी; प्रकल्पाचे कागद तयार करणाऱ्या सल्लागारालाच तपासनीस नेमता येत नाही.

पहिली तपासणी, म्हणजे व्हॅलिडेशन, प्रकल्पाच्या आराखड्याची असते. क्रेडिटच्या उत्पन्नाशिवायही हा प्रकल्प उभा राहिला असता का, या प्रश्नाचे उत्तर हिशेबासह तयार ठेवावे.

खरी कसोटी लागते ती पुढे ठरावीक काळाने होणाऱ्या व्हेरिफिकेशनमध्ये, म्हणजे उत्सर्जन प्रत्यक्षात किती टळले याच्या तपासणीत. चूल वाटली म्हणजे ती रोज पेटते असे नव्हे, आणि जुनी चूल शेजारी चालूच असेल तर इंधनाची बचतही कमी धरावी लागते. म्हणून वाटपाच्या नोंदवहीत कुटुंबाचे नाव, गाव, चुलीचा क्रमांक व तारीख असावी, आणि भेटीची घरे तपासनिसालाच यादृच्छिक पद्धतीने निवडू द्यावीत. तोडलेल्या लाकडापैकी किती लाकूड पुन्हा वाढून येत नाही, हा आकडा सर्वांत वादग्रस्त; तो फुगवला की क्रेडिटही फुगतात, त्यामुळे येथे सावध अंदाजच बरा. तपासनिसाने काढलेल्या प्रत्येक त्रुटीला पुराव्यासह लेखी उत्तर द्यावे.