फ्लोअर मऊ लागतोय? मग जुनी फायबर बोट आधी नीट उघडा

जुन्या फायबर बोटीत चढल्यावर पायाखाली एखादी जागा गादीसारखी दबली की बहुतेक जण म्हणतात, तेवढाच तुकडा कापू, नवीन प्लाय टाकू, वरून एक थर फायबर मारू, झालं. मीही तेच म्हणालो होतो. बोट १७ फुटी, काम दोन वीकेंडचं धरलेलं, लागलं जवळजवळ दीड वर्ष. कारण फ्लोअर एकटा सहसा कुजत नाही, त्याच्या खाली लांबीला बसवलेल्या लाकडी तुळया म्हणजे स्ट्रिंगर असतात, मागे इंजिन धरणारी उभी भिंत म्हणजे ट्रान्सम असतो, मध्ये फोम भरलेला असतो, आणि एकाच पाण्याने हे सगळं एकदम भिजत असतं. फ्लोअर फक्त सगळ्यात आधी तुमच्या पायाला लागतो.

फायबर स्वतः कुजत नाही. कुजतं ते आतलं लाकूड, आणि तेही समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाच्या गोड्या पाण्याने जास्त, कारण मीठ बुरशीला मानवत नाही. लाकडात २० टक्क्यांच्या आत ओलावा असला तर ते वर्षानुवर्षं टिकतं, पण सीटचा एखादा स्क्रू, शिडीचा बोल्ट, ड्रेन प्लगचं भोक असं काही सील न करता पाडलेलं असलं की पाणी थेंबाथेंबाने आत जातं आणि फायबरच्या दोन थरांमध्ये अडकून बसतं. त्याला बाहेर यायला वाटच नसते.

म्हणून कापण्याआधी तपासा. प्लास्टिकची छोटी हातोडी घ्या आणि फ्लोअर, ट्रान्सम, दिसतील तिथे स्ट्रिंगर, सगळीकडे ठोकत जा. चांगल्या जागी टणक, टकटक आवाज येतो, कुजलेल्या जागी थपथप. आउटबोर्ड (ट्रान्समवर बाहेर टांगलेलं इंजिन) असेल तर ते अर्धवट टिल्ट करा, त्याच्या खालच्या भागावर हाताने जोर द्या आणि दुसऱ्याला ट्रान्समकडे बघायला सांगा, ट्रान्सम हलताना दिसला तर विषय संपला. शंका राहिलीच तर आतल्या बाजूने, अगदी खालच्या कोपऱ्यात ६ मिमीचं भोक पाडा आणि ड्रिलबिटवर काय येतं ते बघा. कोरडा पिवळसर भुसा म्हणजे ठीक. काळा ओला चोथा आला, किंवा भोकातून पाणीच गळायला लागलं (माझ्या बोटीत बारीक धार लागली होती आणि ती वीसेक मिनिटं थांबली नाही), तर अर्धवट दुरुस्तीचा विचार सोडा.

आता ग्रायंडर खाली ठेवा, आधी मोजमाप. हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि लोक इथेच फसतात. फ्लोअरची उंची, प्रत्येक स्ट्रिंगरची उंची आणि एकमेकांपासूनचं अंतर, टाकी कुठे, नळ्या कुठून जातात, सगळं मोजून लिहा, फोटो काढा, काठापासून काठापर्यंत दोरी ताणून तिच्यापासून खाली मापं घ्या. इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेलं) इंजिन असेल तर त्याच्या बैठकीची उंची दोनदा मोजा, ती चुकली तर शाफ्टची रेघ चुकते. मग हलला, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या कवचाला, खालून नीट आधार द्या, ट्रेलरच्या दोन रोलरवर भागणार नाही. लांब फळ्या, जागोजागी टेकू, आणि वरती काठांमध्ये आडव्या पट्ट्या मारून रुंदी पक्की करून टाका.

मी काय केलं ते सांगतो. जोशात दोन्ही स्ट्रिंगर एकाच दिवशी उपटले. दुसऱ्या दिवशी खालून सरळपट्टी लावून बघितलं तर दोन रोलरच्या मध्ये हलला ८ मिमीचं पोट आलेलं. तळाचा मागचा दीड-दोन मीटर भाग सरळ लागतो, तिथे बाहेर फुगवटा आला तर बोट वेगात घोड्यासारखी उड्या मारते आणि आत खळगा पडला तर पुढचं टोक पाण्यात दाबते. मला चार दिवस जॅक आणि फळ्या लावून ते पोट हळूहळू परत सरळ करावं लागलं. त्यामुळे एक बाजू काढा, नवीन बसवा, पूर्ण वाळू द्या, मगच दुसरीला हात लावा.

कापताना सर्क्युलर सॉची खोली फ्लोअरच्या जाडीइतकीच ठेवा आणि कडेला हलला चिकटलेली दोन-तीन इंचाची पट्टी आधी सोडा, ती नंतर ग्रायंडरने सावकाश काढता येते. त्याही आधी बॅटरी काढा आणि पेट्रोलची टाकी रिकामी करून शक्य असेल तर बोटीबाहेर न्या. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते आणि ग्रायंडरच्या ठिणग्यांना ते कळत नाही. टाकी फ्लोअरखाली बंदिस्त असली आणि फ्लोअर कापल्याशिवाय निघतच नसली, तर ती आधी जाणकाराकडून वाफमुक्त करून घ्या.

धुळीबद्दल दोन शब्द, कारण मी पहिल्या दिवशी टीशर्टवर काम केलं होतं. फायबरची धूळ म्हणजे बारीक काच. पूर्ण अंगाचा डिस्पोजेबल सूट, गॉगल, पी-१०० फिल्टरचा चांगला मास्क, मनगटाला टेप. रेझिनच्या (फायबरचं कापड भिजवून कडक करणाऱ्या द्रवाच्या) कामाला त्याच मास्कला ऑरगॅनिक व्हेपरची काडतुसं लागतात, साधा कापडी मास्क दोन्हीला चालत नाही. काम संपल्यावर आधी गार पाण्याने धुवा, चोळू नका.

आता रेझिन. पॉलिएस्टर की इपॉक्सी यावर माणसं भांडतात. बोट बहुतेक पॉलिएस्टरनेच बनलेली असते, ते स्वस्त पडतं, पटकन सेट होतं, आणि सगळं काम त्यात करून चालतं, पण जुन्या वाळलेल्या फायबरला किंवा लाकडाला ते इपॉक्सीइतकं घट्ट धरत नाही. माझं मत: स्ट्रिंगर आणि ट्रान्समला इपॉक्सी, पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा. मात्र एकदा इपॉक्सी लावलं की त्यावर पॉलिएस्टर नीट चिकटत नाही आणि जेलकोट (बोटीचा बाहेरचा चकचकीत थर) हाही त्रास देतो, म्हणजे पुढचं सगळं इपॉक्सी आणि वरून टू-पार्ट पेंट. दुसरी गोष्ट, साधी चॉप्ड मॅट (काचेच्या तुकडा धाग्यांची चटई) इपॉक्सीबरोबर वापरू नका. तिच्यातले धागे धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही आणि मॅट कडक, पांढरी राहते. इपॉक्सीला शिवलेलं बायअॅक्सियल (दोन दिशांना धागे असलेलं) कापड घ्या, १७०८ नावाचं सगळ्यांना माहीत आहे, चौरस मीटरला साधारण ८०० ग्रॅमचं.

मिसळताना इपॉक्सीचं प्रमाण डब्यावर असेल तेच, लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवला तर ते कधीच नीट वाळत नाही. पॉलिएस्टरला कॅटॅलिस्ट (ते कडक करणारं रसायन) १ ते २ टक्के, हवा किती गरम आहे ते बघून, आणि तो डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून गॉगल काढायचा नाही. कोबाल्ट अॅक्सिलरेटर वेगळा मिळाला असेल तर तो आणि कॅटॅलिस्ट थेट एकत्र कधीही करू नका, स्फोट होतो. आणि खोल मगमध्ये भरपूर इपॉक्सी कालवून ठेवू नका. मी अर्धा लिटर एकदम केलं, फोन आला, बोलून परत येतो तर तो मग धूर सोडतोय आणि प्लास्टिक वितळून एका बाजूला वाकलंय. पसरट ट्रेमध्ये ओता, थोडं थोडं करा.

नवीन थर लावण्याआधी जुनं फायबर ३६ किंवा ४० ग्रिटने घासायचं, रंग, जेलकोट, चिकट काळपट सगळं जाऊन एकसारखं मॅट दिसेपर्यंत, मग अॅसिटोनने पुसायचं. स्ट्रक्चरल (भार घेणाऱ्या) जोडाला उतार जाडीच्या बारापट लांब द्या, म्हणजे ५ मिमी जाडीला ६० मिमी. चमक राहिलेल्या जागेवर लावलेला थर पुढे सालासारखा निघतो.

स्ट्रिंगरचं लाकूड हे मुख्यतः आतला साचा असतो, ताकद वरून गुंडाळलेल्या फायबरची. म्हणून मरीन प्लाय घ्या किंवा हाय-डेन्सिटी फोम घ्या, दोन्ही चालतं. पुठ्ठ्याचं टेम्पलेट करून तळाच्या वळणाप्रमाणे कापा, पण हलला टेकवू नका. खाली ६ मिमीची फट ठेवून ती घट्ट कालवलेल्या (पावडर घालून दाट केलेल्या) इपॉक्सीने भरा, नाहीतर लाकडाची कड हलला एकाच रेषेत दाबत राहते आणि तिथे पुढे तडा जातो. दोन्ही बाजूंना कोपरा गोल भरून घ्या, कापड काटकोनात वळत नाही, आत हवा राहते. मग कापडाचे थर, पहिला हलवर चार इंच बाहेर, दुसरा सहा, तिसरा आठ, असे पायऱ्यांसारखे. पाणी मागे वाहायला भोकं लागतात, ती आधीच पाडून त्यात प्लास्टिकच्या पाइपचे तुकडे इपॉक्सीने बसवा. उघड्या लाकडातून पाण्याची वाट दिली तर पाच-सात वर्षांनी परत हेच सगळं.

ट्रान्समला बाहेरची कातडी शाबूत ठेवून आतून खरवडायचं. जुनी जाडी आधी मोजलेली असेलच, त्यात प्लायचे दोन थर इपॉक्सीने एकमेकांना आणि कातडीला चिकटवा. दाब द्यायला इंजिनच्या जुन्याच भोकांमधून बोल्ट घाला, बोल्टला मेण फासून, आणि बाहेर-आत जाड पट्ट्या लावून आवळा. कडेने थोडं इपॉक्सी बाहेर आलं की थांबा, सगळं पिळून काढलं तर जोड कोरडा पडतो.

फोम परत भरायचा की नाही हे बोट कशी बांधली होती त्यावर. बऱ्याच लहान बोटींत तो फ्लोअरला आधारही देतो आणि बोट पाण्याने भरली तरी तरंगत ठेवतो, एक घनफूट फोम साधारण २७ किलो वजन तोलून धरतो. थोडा थोडा ओता, एकदम ओतला तर फुगून नवीन फ्लोअर उचलतो. जुना फोम वजन करून बघा, माझा ओल्या वाळूच्या पोत्यासारखा निघाला होता. टाकी अॅल्युमिनियमची असेल तर तिच्या तळाला पांढरे खड्डे पडलेत का ते आत्ताच बघा, फ्लोअर बंद केल्यावर बघणं होत नाही.

फ्लोअरचा प्लाय खालून आणि सगळ्या कडांना दोन हात इपॉक्सी मारूनच बसवा, स्ट्रिंगरवर घट्ट इपॉक्सीची रेघ, तात्पुरते स्क्रू, वाळल्यावर स्क्रू काढून भोकं भरा, आणि वरून कापड हलच्या बाजूंवर वळवून घ्या. दुसऱ्या दिवशी वर मेणचट थर जाणवला तर आधी साध्या पाण्याने आणि स्क्रबरने धुवा, मग घासा, आधी घासलं तर तो आत चोळला जातो.

मग सीट, क्लीट (दोरी बांधायचा खुंटा), प्लग बसवायला जे जे भोक पडेल ते गरजेपेक्षा मोठं पाडायचं, घट्ट इपॉक्सीने भरायचं, वाळल्यावर त्यातच योग्य मापाचं पाडायचं, म्हणजे स्क्रू लाकडाला शिवतच नाही. सिलिकॉन नको, त्यावर पुढे रंग धरत नाही. ड्रेन प्लगच्या नळीला सगळ्यात जास्त वेळ द्या, बरेच ट्रान्सम तिथूनच कुजायला लागतात. मागच्या बाजूला फ्लोअरमध्ये हात जाईल एवढं एक झाकण ठेवा. बोट उभी करताना पुढचं टोक वर, प्लग बाहेर, कव्हरखालून हवा खेळती. मी पाऊस पडून गेला की ते झाकण उघडून आत कोरडं फडकं फिरवतो, आणि फडकं ओलं आलं तर त्याच दिवशी पाणी कुठून आलं ते शोधतो.