चादरीच्या स्टॉकवरून पायथन

प्रोग्रॅमिंग शिकायला कुठली भाषा घ्यावी, जावा की पायथन, हा प्रश्न नवी बॅच आली की येतोच. पायथन घ्या. जावाची बहुतेक पुस्तकं पडद्यावर एक ओळ छापण्यासाठीसुद्धा आधी क्लास, म्हणजे वस्तू बनवायचा साचा, उभा करतात, आणि तो कशासाठी हे कळायच्या आत पोरं पाठांतराला लागतात. पायथन १९९१ पासून आहे, फुकट आहे, आणि क्लासची गरज पडेपर्यंत तो मागत नाही.

विंडोजवर बसवताना पहिल्याच खिडकीत ‘पाथ’चा उल्लेख असलेली चौकट दिसली तर टिक करा. सोबत आयडल, म्हणजे कोड लिहून चालवायची खिडकी, येतं, सध्या तेवढं पुरे.

आता क्लास शिकवताना देतात ती कार आणि कुत्र्याची उदाहरणं सोडा. सोलापुरात राहता, तर चादरीच्या दुकानाचा स्टॉक लिहा. चादर नावाचा क्लास करा. त्याच्या इनिटमध्ये, म्हणजे नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर असलेल्या, नवी चादर बनताना आपोआप चालणाऱ्या फंक्शनमध्ये, रंग, दर आणि शिल्लक घ्या. जॅकार्डच्या मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची एकच माळ असते, चादरी मात्र हव्या तेवढ्या निघतात, प्रत्येकीचा धागा वेगळा. क्लास आणि त्यावरून बनलेली एक-एक वस्तू, म्हणजे ऑब्जेक्ट, यांचं नातं तसंच.

मग विक्री नावाचं फंक्शन त्याच क्लासमध्ये. नग शिल्लकीपेक्षा जास्त मागितले तर व्हॅल्यू एरर (चुकीचा आकडा आल्याची तक्रार) उठवा, नाहीतर वजा करा. लाल आणि निळी अशी दोन ऑब्जेक्ट बनवा. लाल चादरीचे ४० नग ठेवून १२ विका. लाल २८ वर यायला हवी, निळी जशीच्या तशी.

इथे हमखास विचारलं जातं, ‘फंक्शनच्या कंसात पहिलं हे सेल्फ कशाला बे?’ लाल डॉट विक्री लिहिलं की पायथन लालला स्वतःहून पहिल्या जागी आत पाठवतो. तो पाहुणा पकडायला सेल्फ. लिहायचं विसरलात, तर एक आर्ग्युमेंट (कंसात दिलेली किंमत) जास्त आल्याची तक्रार येते, आणि तुम्ही तर एकच दिलेलं असतं.

याहून फसवा प्रकार नोंदींचा. विक्रीच्या नोंदी ठेवायला रिकामी लिस्ट (यादी) इनिटच्या बाहेर, थेट क्लासखाली लिहिली, तर ती सगळ्या चादरींची सामाईक होते. लालची विक्री निळीच्या नोंदींत दिसते, आणि एररही येत नाही! मुद्दाम एकदा करून बघा. मग तीच ओळ सेल्फ लावून इनिटमध्ये हलवा आणि पुन्हा चालवा.

नावं देवनागरीत दिली तरी पायथन ३ ला चालतात, फक्त कीबोर्ड बदलून बोटं दुखतात.

इनहेरिटन्सला, म्हणजे एका क्लासवरून दुसरा काढण्याला, एवढ्यात हात लावू नका. दुकानात टॉवेलही असतातच. टॉवेलचा क्लास लिहिताना विक्री जशीच्या तशी उतरवावी लागेल, तेव्हा ती उचलून माल नावाच्या क्लासमध्ये ठेवा आणि दोघांना त्यावरून काढा.